आज कालवण काय करायचं?

पाटस परिसरातल्या पुरुषांना स्वयंपाक येत नाही, असं कोणी म्हणू नये. पुणे–सोलापूर महामार्गाच्या कडेला जेवढे धाबे आहेत त्यांच्या भट्टीपुढे बहुतेक पुरुषच उभे असतात. लग्नातला आचारी पुरुष, त्याच्या हाताखालची माणसंही पुरुष. हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन संपायच्या आत बुंदी पाडून, आमटीला उकळी आणून पंगतीची तयारी करणारे पुरुष. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी रानात मटण शिजतं तेव्हा खोबरं किती भाजायचं आणि तर्री कशी आणायची यावरून एकमेकांना अक्कल शिकवणारेही पुरुषच. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते. तिथल्या काळभैरवनाथाच्या देवळात वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण असतं. भाकऱ्या घरोघरच्या बाया थापतात. पिठलं देवळाच्या आवारात मोठमोठ्या कढयांत शिजतं आणि त्या ढवळायला गावातल्या बाप्यांचे दंड लागतात. मग पालखी वरवंडचा मुक्काम करून पाटसवरून रोटी घाट चढते आणि बारामतीच्या वाटेला लागते. कढया धुऊनपुसून वर्षभरासाठी ठेवून दिल्या जातात.

याच माणसांना एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता विचारा, आज कालवण काय करायचं? ते तुमच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहतील. प्रश्न अवघड आहे म्हणून नव्हे. तो आपल्याला विचारायचा असतो, हेच त्यांना नवीन असतं.

मुलांना घरी स्वयंपाक शिकवावा का, यावर हल्ली बोलणं सोपं झालं आहे. सगळेच हो म्हणतात. पण काय शिकवावं, या प्रश्नाशी आपण थांबत नाही. स्वयंपाक दोन तऱ्हेचा असतो. एक प्रसंगाचा. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, मध्ये गप्पा असतात, शेवटी कौतुक असतं आणि मागचं आवरायला दुसरं कोणीतरी असतं. दुसरा रोजचा. तो सकाळी संपतो आणि संध्याकाळी पुन्हा उभा राहतो, त्याचं कौतुक होत नाही, फक्त मीठ चुकलं तर दखल घेतली जाते. पुरुषांनी पहिला स्वयंपाक केव्हाच आपलासा केला आहे. दुसरा त्यांना कोणी शिकवला नाही आणि त्यांनीही कधी मागितला नाही. आणि आज आपण मुलांना शिकवतो तोही नेमका पहिलाच.

उन्हाळी शिबिरात ‘विना गॅस पाककृती’ची स्पर्धा असते. बिस्किटांचा चुरा, कंडेन्स्ड मिल्क, वरून रंगीत बडीशेप, की झाला केक. मुलाच्या डोक्यावर कागदी टोपी, गळ्यात ॲप्रन, बाजूला फोटो काढणारी आई. जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळावा भरतो. मुलं भेळ, वडापाव, गुलाबजाम, मसाला ताक मांडून बसतात. मेळावा चांगला असतो. मुलांना सुट्टे पैसे मोजता येतात, गिऱ्हाइकाशी बोलता येतं, नफा-तोटा कळतो. पण भल्या पहाटे उठून वडे कोणी तळले, हे कोणी विचारू नये. मुलानं मांडलेल्या दुकानातला सगळा माल आईच्या कारखान्यातला, तोही फुकट मजुरीचा. पाचवीतल्या मुलाचा नफा निघतो तो असा. एरवी गणिताच्या तासाला आपण मजुरी खर्चात धरायला शिकवतो.

रोजच्या स्वयंपाकात शिकण्यासारखं काय आहे, असं विचारणाऱ्यानं एकदा भाकरीपाशी बसावं. ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून ते आपणहून धरून राहत नाही. पाणी कढत घ्यायचं, म्हणजे पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि चिकटपणा येतो. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते. मग कितीही मळा, थापताना कडा चिरतात. म्हणून गिरणीतून पीठ थोडं थोडं आणायचं आणि घरात किती माणसं, किती दिवस, किती भाकरी हा हिशोब डोक्यात ठेवायचा. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी वरचं पीठ ओलं ठेवतं, म्हणून भाकरी तडकत नाही. ते पुरतं वाळायच्या आत उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की तवा बाजूला करून पहिली बाजू आचेला द्यायची. आतल्या वाफेनं पापुद्रा सुटतो आणि भाकरी फुगते. यातला एकही टप्पा घड्याळ लावून शिकवता येत नाही. तव्याची धग हाताला कळावी लागते, पीठ किती सैल हे बोटांना कळावं लागतं. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बाष्प आहे, उष्णतेचं वहन आहे, पिष्टमय पदार्थ आहेत. ते सगळं एका भाकरीत आहे आणि परीक्षाही ताबडतोब होते.

पण भाकरीहून अवघड काम तिच्या आधीचं असतं. ते ठरवण्याचं. घरात मटकी आहे, पण भिजत घातली नव्हती. वांगी आहेत, पण धाकट्याला चालत नाहीत. काल डाळ झाली. शेंगदाण्याचं कूट संपत आलं आहे. दूध नासलं तर पनीर, आणि संध्याकाळचा चहा कोरा. म्हाताऱ्या माणसाला तिखट नको, शेतावरून येणाऱ्याला मिळमिळीत चालत नाही. सकाळच्या चार भाकरी उरल्या आहेत, त्यांचा रात्री कुस्करा होईल की गाईला जातील? एवढ्या सगळ्याचा मेळ घालून जी बाई दहा मिनिटांत पिठलं आणि ठेचा असा निर्णय घेते, तिनं जे केलं त्याला ऑफिसात नियोजन म्हणतात आणि त्याचा वेगळा पगार देतात. मुलं आईला विचारतात, ‘‘आई, आज कालवण काय?’’ आई वैतागून म्हणते, ‘‘माझं डोकं!’’ ते उत्तर अगदी खरं आहे. शिजतं ते डोकंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मुलांना पदार्थ शिकवू नका, पाळी शिकवा. आठवड्यातली एखादी संध्याकाळ पूर्णपणे मुलाच्या स्वाधीन करा. काय करायचं ते त्यानं ठरवायचं, घरात काय आहे ते त्यानं बघायचं, नसेल ते त्यानं आणायचं, शिजवायचं, सगळ्यांना पुरेल असं वाढायचं, उरलेलं झाकून ठेवायचं आणि भांडी घासून ओटा पुसायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा. पहिल्या वेळी हौस असते, दुसऱ्या वेळी उत्साह असतो. नंतर कंटाळा येतो. हा कंटाळाच शिकवण्याचा खरा धडा आहे. कंटाळा आलेला असताना केलेला स्वयंपाक म्हणजे रोजचा स्वयंपाक. तो दिवस मुलाच्या वाट्याला आला की आई रोज काय करते हे सांगायला वेगळं भाषण लागत नाही.

मुलींना आपण हे शिकवत आलो, हे नाकारण्यात अर्थ नाही. लहानपणी भातुकली, मग आईच्या शेजारी बसून चिमणीएवढी भाकरी, मग दहाव्या-बाराव्या वर्षी अर्धा स्वयंपाक आणि त्यामागे कायम एक वाक्य: सासरी नाव काढशील. छापील पुस्तकांचा रोखही तोच. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं हजार पाकक्रियांचं पुस्तक १९१० साली आलं, त्याचं नाव ‘गृहिणी-मित्र’. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. लग्न ठरलेल्या किती मुलींच्या बॅगेत ती गेली असेल, याची गणती नाही. अलीकडे ती परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्याही बॅगेत जाते. पण मुलगा पुस्तक घेऊन निघतो ते विमानतळावर जाताना. तोवर त्याला गरज पडू नये अशी व्यवस्था घरानं केलेली असते.

या शिकवणुकीविरुद्ध बंड झालं तेही बायकांनीच केलं, आणि ते मुकाट्यानं केलं. ‘मी माझ्या मुलीला चुलीपाशी फिरकू दिलं नाही, ती शिकली पाहिजे,’ असं अभिमानानं सांगणाऱ्या आया दौंड-शिरूरच्या गावोगावी भेटतील. त्यांच्या पिढीनं चुलीचा धूर खाल्ला होता. शिक्षण अर्धवट सुटण्याचं एक कारण ती चूल होती, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या बंडाला मी चूक म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम काय झाला, ते पाहायला हवं. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली, मुलगा आत गेला नाही. मग मधली जागा कोणी भरली? त्याच आईनं. आणि ती थकली की पोळीवालीनं, मेसच्या मावशींनी, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी आईनं. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरची सगळी माणसं तिच्यात धरली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. तीही जे पुरुष असं काम करतात त्यांचीच सरासरी. मोजणी सहाव्या वर्षापासून सुरू होते, हे मला त्या आकड्यांहून महत्त्वाचं वाटतं. मिनिटांची ही दरी लग्नानंतर पडत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्यातल्या मेस एका रात्रीत बंद झाल्या. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुलं अडकली. त्यांत आपल्याकडची, दौंड-इंदापूर-शिरूरचीही होती. त्यांना पंचायत राज पाठ होतं, पंचवार्षिक योजना पाठ होत्या. जिल्हा चालवायची तयारी करणाऱ्या त्या मुलांतल्या अनेकांना डाळ-तांदूळ समोर ठेवले असते तरी खिचडी जमली नसती. मुलीही त्यात होत्या, हे खरं आहे. आपण त्यांना चुलीपासून दूर ठेवलं होतंच. तेव्हा स्वयंसेवी मंडळींनी डबे पोचवले, काहींनी व्हिडिओ बघून हात भाजत भाजत शिकून घेतलं. पण पुढे टाळेबंदी उठली, मेस सुरू झाल्या आणि आपण ती गोष्ट विसरून गेलो.

गंमत अशी की आपल्या जुन्या घरांत पुरुषांना रोजचा स्वयंपाक शिकवणारी एक व्यवस्था होती आणि ती अन्यायाची होती. महिन्याचे चार दिवस बाई ‘बाहेरची’ असायची. कावळा शिवला की तिनं चुलीला शिवायचं नाही. घरात दुसरी बाई नसेल तर नवऱ्यानं, नाहीतर थोरल्या पोरानं भाताला आधण ठेवायचं. बाई कोपऱ्यात बसून सांगायची आणि तो तिच्या सांगण्यावरून फोडणी द्यायचा. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना वरण-भात, पिठलं सहज जमतं, ते असल्या चार-चार दिवसांच्या शाळेमुळे. विटाळ गेला हे उत्तम झालं. पण त्याबरोबर ते चार दिवसही बाईकडेच परत आले, याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. सुधारणेच्या हिशोबात बाईच्या कामाची वाढ कोणी मांडत नाही.

मुलग्यांना स्वयंपाक शिकवायची दुसरी, अभिमानानं सांगावी अशी परंपराही महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. पुढे गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसत. पैसे वाचत होते, हे एक कारण. मोठं कारण वेगळं होतं. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर जी समाजरचना उभी होती तिच्यावर तो घाव होता. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या हातची भाकरी रोज खाल्ली की जात कुठे कुठे ढिली होते, हे भाऊरावांना पुस्तकांपेक्षा चांगलं कळत होतं. घरात धान्य नसताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडून त्या पोरांना जेवू घातलं, ही हकिगत रयतच्या प्रत्येक शाळेत सांगतात. ती मुलं हातानं रांधत होती, हे मात्र फारसं सांगत नाहीत.

गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरवून नई तालीमचा विचार मांडला. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हे वेळापत्रकातलंच काम होतं. धान्याचा हिशोब, निवडणं, शिजवणं, वाढणं, स्वच्छता. त्यातूनच गणित, आरोग्य, भाषा. पुढे देशानं नई तालीम गौरवानं बाजूला ठेवली. हाताच्या कामाचं शिक्षण गरिबांसाठी आणि पुस्तकी शिक्षण मोठं होण्यासाठी, अशी वाटणी पालकांनीच करून टाकली. त्यांना दोष देता येत नाही. नोकऱ्या पुस्तकाला मिळत होत्या.

आपल्या अगदी शेजारी, दौंडच्याच केडगावात, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणून मुक्ती सदन वसवलं. पाटसहून पुण्याकडे निघालेल्या लोकल गाडीला कडेठाणनंतर केडगावच लागतं. तिथं मुली शेती करत, विणत, छापखाना चालवत आणि स्वयंपाकही करत. त्या स्वयंपाकामागे सासर नव्हतं. शेकडो तोंडांचं जेवण वेळेवर करणं हे छपाईसारखंच एक काम होतं आणि ते येणारी बाई कुणाच्या दारात उभी राहणार नव्हती. तीच भाकरी, पण शिकवण्यामागचं कारण बदललं की शिकणारीची पाठ ताठ होते.

आणि शिरूर तालुक्यात पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट करून त्यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलं आणि १९८३ साली पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली खेड्यातली मुलं हातानं काम करताना झपाट्यानं शिकतात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. चारही विभाग सगळ्यांना. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा चिक्कीचा पाक बघतो आणि दोघंही त्याचा खर्च काढतात, मजुरीसकट. आठवी ते दहावीच्या अनेक शाळांत हा विषय आठवड्याचा एक दिवस चालतो. चाळीस वर्षं आपल्या जिल्ह्यात हे चालू आहे. आपण मात्र आपल्या मुलासाठी चांगली शाळा शोधताना स्विमिंग पूल आहे का, ते विचारतो.

आता या सगळ्याला छेद देणारी एक गोष्ट. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. पाटसच्या आसपासच्या उसाच्या पट्ट्यात बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. आई-बाप पहाटेच्या काळोखात फडावर जातात. मागे कोपीत थोरली पोरगी असते, नऊ-दहा-अकरा वर्षांची. ती पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते. तिला रोजचा स्वयंपाक येतो. कालवण काय करायचं ते तिला ठरवावं लागत नाही, कारण ठरवायला काही नसतं. तिला पाळी नाही; सगळेच दिवस तिचे. तिच्या हाताचं कौतुक करणारा लेख लिहिणं म्हणजे निलाजरेपणा आहे. आधी साखरशाळा निघाल्या, मग गावाकडे हंगामी वसतिगृहं निघाली, शिक्षणाचा हक्क २००९ साली कायद्यात आला. तरीही चुलीपुढची ती पोरगी पुरती उठलेली नाही.

म्हणून मुलांना कामाची सवय लावा, पूर्वी नाही का आमच्या बहिणी एवढ्याएवढ्याशा असताना सगळं करायच्या, असं जेव्हा कोणी मोठ्या तोंडानं म्हणतं तेव्हा मला ते आवडत नाही. शिकवणं आणि राबवणं यांच्यातली रेघ ओळखायला अवघड नाही. मुलगी पुस्तक उघडायला उठली तर तवा दुसरं कोणी हातात घेतं का? घेत असेल तर ते शिकवणं. कायद्यानंही असंच काहीसं म्हटलं आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्या कामांवर बंदी घालताना कुटुंबाला मदत करायला मुभा ठेवली, ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आणि धोक्याचं काम नसेल तरच. या मुभेतून काय काय निसटतं, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. पण घराघरानं आपल्यापुरती ती ओळ पाळली तरी पुष्कळ.

शाळेत विषय आणला की प्रश्न मिटेल, असंही नाही. जपानमध्ये गृहशास्त्र हा विषय माध्यमिक शाळेत १९९३ पासून आणि उच्च माध्यमिकमध्ये १९९४ पासून मुलग्यांनाही सक्तीचा झाला. तिथला मुलगा शाळेत भात शिजवायला, मासा भाजायला, बटण लावायला शिकतो. तरीही घरकामातला जपानी पुरुषांचा वाटा श्रीमंत देशांत सर्वांत कमी असलेल्यांपैकीच आहे. कारण मुलगा घरी जातो तेव्हा तिथला बाप जागचा हलत नसतो. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत असं चित्र छापलं. चांगलं केलं. पण चित्रातला बाप आणि खाटेवरचा बाप यांपैकी मूल कोणावर विश्वास ठेवेल, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ नको.

घरी शिकवायला बसलं की पहिला अडथळा मूल नसतं. अडथळा आईचा वेग असतो. ‘सर बाजूला, तुला नाही जमायचं, तेवढ्यात माझं होतं.’ तिचं होतं, हे खरंच आहे. तिला नंतर शेतावर जायचं असतं, कंपनीची बस पकडायची असते. म्हणून शिकवण्याचा दिवस घाईचा नसावा आणि शिकवणारी शक्यतो तीच नसावी. आजी-आजोबा, काका, मोठी बहीण चालेल. बाप असेल तर सर्वांत बरं, आणि त्याला येत नसेल तर दोघांनी बरोबर शिकावं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मेथी निवडता येते, मटार सोलता येतो, कोशिंबिरीत दही कालवता येतं. आठव्या-नवव्या वर्षी सुरी येते. विळीला शहरातल्या आया घाबरतात. तिची धार जागची हलत नाही, हलतात ते हात, हे पायाखाली विळी धरून एकदा नीट दाखवलं की मूल सांभाळून चिरतं. दहाव्या-अकराव्या वर्षी मोठं माणूस शेजारी असताना गॅस, भात, चहा. सुती कपडे, कढईचा कान धरायला फडकं, गरम तेलात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे आधी. कुकर तर आणखी एक दोन वर्षं थांबला तरी चालेल; आतलं पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास तापलेलं असतं. भाजेल थोडं, सांडेल, करपेल. पहिल्या भाकरीचा महाराष्ट्राचा नकाशा होईल. तो सगळ्यांनी खायचा आणि मुलगा आहे म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. मुलीनं केलं तर आपण वाजवत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं मुलांसाठी सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडून काम शिकावं असं धोरणात लिहिलं आहे. शाळेचा पोषण आहार ज्या शिजवतात त्या मावशी त्याच आवारात असतात. शेकडो मुलांचं जेवण, ठरल्या वेळी, ठरल्या पैशांत करणाऱ्या त्या बाईंना त्या यादीत बसवायला कोणाची परवानगी लागत नाही. दहापैकी एक दिवस त्यांच्या हाताखाली मुलांना द्या, आणि त्या दिवसाचं मानधन त्यांना शिक्षक म्हणून द्या.

पाटस, कुरकुंभ, केडगाव, वरवंड, शिरूर, पाबळकडच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एवढीच विनंती. यंदाच्या बाल आनंद मेळाव्याला एक अट घाला: जे मुलानं स्वतः शिजवलं तेच दुकानात मांडायचं. दुकानं कमी होतील, भेळ आणि लिंबू सरबत जास्त दिसेल, दोन-चार कच्च्या भाकऱ्याही येतील. येऊ द्या. मुलग्यांनी एकतरी भाकरीचं दुकान लावलंच पाहिजे, असंही म्हणा. आणि मेळावा उठल्यावर भांडी घासायला आयांना बोलावू नका.